०३/०४/२०२५ म्हणजे नेमकी कोणती तारीख? मजकुरातून तारीख-वेळ पार्स करायला शिकताना

फाइलच्या एका रकान्यात ०३/०४/२०२५ असं लिहिलंय. ही ३ एप्रिल की ४ मार्च? मजकुराकडे कितीही वेळ बघत बसलात तरी उत्तर मिळणार नाही, कारण ते त्यात नाहीच. ज्याने फाइल तयार केली त्यालाच ते ठाऊक.

नवख्याला वाटतं, पार्स करणं म्हणजे मजकुरात दडलेली तारीख लायब्ररीकडून, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडकडून, शोधून घेणं. प्रत्यक्षात काम उलट आहे. त्या मजकुराबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते लायब्ररीला सांगायचं असतं. आपण जे सांगत नाही ते ती स्वतःच्या मनाने ठरवते, आणि ठरवलं हे कळवतही नाही.

मी हे ठेच लागून शिकलो. अंदाजाने तारीख ओळखणारं एक फंक्शन वापरून मी मार्च महिन्याचा अहवाल काढला होता. त्या फंक्शनला दिवसाआधी महिना येतो असं वाटत होतं. १३ मार्चपासून पुढच्या नोंदी बरोबर लागल्या, कारण तेरावा महिना नसतो आणि तिथे त्याने मुकाट्याने क्रम बदलला. पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी मात्र वर्षभर विखुरल्या, प्रत्येक महिन्याच्या ३ तारखेला एक दिवस. एकही एरर नाही. ३ मार्च तेवढी जागच्या जागी राहिली.

या लेखात उदाहरणं पायथॉनची घेतली आहेत, कारण त्याच्याबरोबर येणारं डेटटाइम मॉड्यूल शिकायला सोपं आहे. दुसऱ्या भाषांमधले खड्डे जाता जाता दाखवतो. कोडमधली नावं आणि अक्षरं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. तुम्ही ती टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा, अंकसुद्धा.

आधी फाइल बघा, कोड नंतर

पहिल्या पाच ओळी बघून फॉरमॅट ठरवायचा मोह होतो. तो टाळा. हजार ओळींच्या फाइलमध्ये तारखा किती वेगवेगळ्या प्रकारे लिहिल्या आहेत हे कळायला एक सोपी युक्ती आहे. रकान्यातल्या प्रत्येक अंकाच्या जागी ९ ठेवा आणि तयार झालेले वेगवेगळे साचे मोजा. ०३/०४/२०२५ चा साचा ९९/९९/९९९९ होईल, ३/४/२५ चा ९/९/९९ होईल. रेग्युलर एक्स्प्रेशनची (मजकुरातले नमुने शोधण्याच्या भाषेची) एक ओळ आणि एक काउंटर, एवढंच काम. एकच साचा अपेक्षित असताना सात निघाले, तर ते आत्ताच कळलेलं बरं. रिकाम्या जागा, "लागू नाही" असले शेरे, तारखेच्या मागे चिकटलेली स्पेस हेही याच यादीत सापडतं.

साचा कळला तरी दिवस आधी की महिना आधी हा प्रश्न उरतोच. त्यासाठी पहिल्या आणि दुसऱ्या भागातली सर्वांत मोठी संख्या काढा. पहिल्या भागात कुठे १२ पेक्षा मोठी संख्या असेल तर दिवस आधी. दुसऱ्या भागात असेल तर महिना आधी. दोन्हीकडे असेल तर दोन ठिकाणची माहिती कुणीतरी एका फाइलमध्ये ओतली आहे आणि कुठली ओळ कुठून आली हे समजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. कुठेच नसेल तर फाइल पाठवणाऱ्याला विचारा. हे शेवटचं वाक्य फार सामान्य वाटेल, पण इतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

फॉरमॅट लिहिणं

डेटटाइममध्ये मजकुरातून तारीख करणाऱ्या फंक्शनचं नाव आहे एस-टी-आर-पी-टाइम. यातला पी पार्सचा. तारखेपासून मजकूर करणारं त्याचं जुळं भावंड एस-टी-आर-एफ-टाइम, तिथला एफ फॉरमॅटचा. दोन्ही नावं सी भाषेतून आली आहेत आणि सुरुवातीला हमखास गोंधळ होतो. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: मजकूर, आणि त्या मजकुराचा साचा. साच्यात प्रत्येक भागासाठी टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर असतं:

लहान डी – दिवस
लहान एम – महिना, अंकात
मोठा एम – मिनिटं
मोठा वाय – चार अंकी वर्ष
लहान वाय – दोन अंकी वर्ष
मोठा एच – २४ तासांच्या घड्याळातला तास
मोठा आय – १२ तासांच्या घड्याळातला तास
मोठा एस – सेकंद
लहान एफ – सेकंदाचा अपूर्णांक, १ ते ६ अंक
लहान पी – एएम किंवा पीएम
लहान बी, मोठा बी – महिन्याचं आखूड नाव, पूर्ण नाव
लहान झेड – यूटीसीपासूनचं (जगाच्या प्रमाण वेळेपासूनचं) अंतर

बाकीचं सगळं, म्हणजे तिरकी रेघ, आडवी रेघ, स्वल्पविराम, मजकुरात जसं आहे तसंच साच्यात लिहायचं. आपल्या उदाहरणासाठी साचा होईल: "%(लहान डी)/%(लहान एम)/%(मोठा वाय)". कंस इथे वाचण्यापुरते.

लहान एम आणि मोठा एम यांची अदलाबदल ही या खेळातली सर्वांत जुनी चूक. वेळेच्या जागी लहान एम पडला आणि साच्यात महिना आधीच असेल, तर पायथॉन एकच अक्षर दोनदा आलं म्हणून एरर देतो. पण साच्यात फक्त वेळ असेल, तर १०:०७ मधला ०७ जुलै होऊन बसतो आणि मिनिटं शून्य. दिसायला सगळं ठीक.

एएम-पीएमबद्दल एक बारकावा कागदपत्रांत लिहिलेला आहे, पण वाचतो कोण. लहान पीचा परिणाम तासासाठी मोठा आय वापरला तरच होतो. मोठा एच वापरून "०७:३० पीएम" पार्स केलंत तर पीएम वाचलं जाईल, जुळेल, आणि सकाळचे साडेसात मिळतील. १२ तासांचं घड्याळ असेल तर आय आणि पी जोडीनेच वापरायचे. रात्रीचे १२:३० एएम त्यामुळे बरोबर ००:३० होतात.

जे साच्यात नाही ते लायब्ररी भरते. फक्त वेळ दिली तर तारीख १ जानेवारी १९०० धरली जाते. "२९/०२" असं वर्षाविना पार्स करायला गेलात तर एरर येते, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. वाढदिवसांच्या यादीत हे बरोब्बर सापडतं. उपाय म्हणजे मजकुराला स्वतःच एखादं लीप वर्ष, समजा २०००, जोडून मग पार्स करणं.

दोन अंकी वर्षाचा नियमही ठरलेला आहे: ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. आजच्या नोंदींना हे चालतं. जन्मतारखांना नाही. १९६५ साली जन्मलेली व्यक्ती "६५" मुळे २०६५ साली जन्म घेते. जन्मतारीख भविष्यात गेली तर वर्षातून १०० वजा करा. आणि शंभरी ओलांडलेली माणसं तुमच्या यादीत असू शकत असतील तर दोन अंकी वर्ष स्वीकारूच नका.

एरर आली की घाबरू नका, ती वाचा

साचा जुळला नाही की व्हॅल्यू-एरर येते. तिच्यातला मजकूर मुख्यतः तीन प्रकारचा असतो. "अमुक मजकूर तमुक साच्याशी जुळत नाही" असं असेल तर खुणा किंवा क्रम तपासा. "रूपांतर न झालेला भाग उरला" असं असेल तर मजकुरात शेवटी जास्तीचं काहीतरी आहे: ओळ संपल्याचं अदृश्य चिन्ह, स्पेस किंवा साच्यात नसलेली वेळ. आधी स्ट्रिप वापरून टोकं साफ करण्याची सवय लावली तर यातल्या निम्म्या तक्रारी येतच नाहीत. तिसरी तक्रार दिवस महिन्यात बसत नसल्याची, म्हणजे ३० फेब्रुवारीसारखी. ही एरर गिळू नका, कारण तिथे मूळ माहितीच चुकीची आहे.

या बाबतीत पायथॉन कडक आहे हे आपलं भाग्य. जावामधला जुना सिंपल-डेट-फॉरमॅट मुळात इतका उदार की ३२ जानेवारी दिली तर १ फेब्रुवारी देतो. जावा ८ मध्ये, २०१४ साली, नवी वेळ-लायब्ररी आली, ती बरीच शहाणी आहे. पण साचा देऊन बनवलेला फॉरमॅटरही काही न सांगितल्यास "स्मार्ट" पद्धतीने वागतो आणि ३१/०२/२०२५ चं २८ फेब्रुवारी करून देतो. तिथे रिझॉल्व्हर-स्टाइल स्ट्रिक्ट करायची आणि वर्षासाठी वायऐवजी यू हे अक्षर वापरायचं. जावामध्येच मोठ्या वायचा अर्थ आठवड्यांच्या हिशेबातलं वर्ष असा आहे. त्याने ३१ डिसेंबर २०२५ छापलीत तर वर्ष २०२६ दिसेल. ही चूक वर्षभर झोपून असते आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सगळे सुट्टीवर असताना, जागी होते.

जावास्क्रिप्टमध्ये तर एररही येत नाही. तारीख समजली नाही तर "इनव्हॅलिड डेट" नावाची वस्तू मिळते आणि ती पुढे कुठेतरी अंकांऐवजी नॅन, म्हणजे "ही संख्या नाही" अशी किंमत, होऊन उगवते. पार्स केल्या केल्या तपासणं आपल्यावरच.

गो भाषेने टक्क्यांची अक्षरं टाळली. तिथे साचा म्हणून एक ठरलेली तारीखच लिहायची: २ जानेवारी २००६, दुपारी ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद. महिना १, दिवस २, तास ३, मिनिटं ४, सेकंद ५, वर्ष ६, असा तो क्रम आहे. मला ही कल्पना आवडते, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला ती टायपिंगची चूक वाटते.

शक्य असेल तिथे आयएसओ

मजकूर कसा असावा हे तुमच्या हातात असेल तर वाद घालू नका, २०२५-०४-०३ असं लिहा. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ सालचं. वर्ष, महिना, दिवस, मोठ्याकडून लहानाकडे. त्यामुळे नुसता मजकूर म्हणून क्रम लावला तरी तारखा ओळीने लागतात. इंटरनेटवरच्या वापरासाठी त्याचीच जरा आवळलेली आवृत्ती, आरएफसी ३३३९, २००२ मध्ये आली.

पायथॉनमध्ये यासाठी फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट हे फंक्शन आहे, साचा द्यावाच लागत नाही. फक्त आवृत्ती बघा. ते ३.७ मध्ये आलं, पण तेव्हा त्याला पायथॉनने स्वतः लिहिलेलाच प्रकार समजायचा. शेवटी झेड (म्हणजे यूटीसी) असलेला मजकूर, जो वेब सेवांकडून सर्रास येतो, ३.११ पासून चालतो. तुमच्या लॅपटॉपवर चाललं आणि सर्व्हरवर एरर आली तर आधी इथे शंका घ्या.

आयएसओचाच एक आखूड प्रकार म्हणजे मधल्या रेघा काढून टाकलेला: २०२५०४०३. तो पूर्ण आठ अंकी असेपर्यंत ठीक. कुणी पुढची शून्यं खाल्ली आणि २०२५१११ असं आलं, तर ११ जानेवारी की १ नोव्हेंबर? एस-टी-आर-पी-टाइम न कुरकुरता १ नोव्हेंबर देतो. यावर एक स्वस्त उपाय आहे: पार्स केलेली तारीख त्याच साच्याने परत मजकुरात बदला आणि मूळ मजकुराशी ताडून बघा. इथे २०२५११०१ मिळेल, मूळ जुळणार नाही, चोर सापडला. एरवी शून्याविना लिहिलेल्या निर्दोष तारखाही या चाचणीत अडकतील. त्या हाताने सोडवा.

वेळेबरोबर ठिकाण

इथपर्यंतचं सगळं सरावाने जमतं. टाइमझोनमध्ये अनुभवी लोकही चुकतात, म्हणून इथे थोडं थांबू.

"२०२५-०४-०३ १०:००" हा मजकूर एक क्षण सांगत नाही. तो कुठल्यातरी भिंतीवरच्या घड्याळाचे काटे सांगतो. भिंत कुठली हे कळेपर्यंत तो क्षण ठरत नाही. पायथॉनमध्ये अशा वस्तूला नेव्ह म्हणतात आणि झोन माहीत असलेलीला अवेअर. दोन्हींमध्ये कुठली आधीची असं विचारलं तर टाइप-एरर येते. ही एरर दिसली की लोक अवेअर वस्तूवरचा झोन खरवडून काढतात आणि तुलना "चालू" करतात. उलट करा: नेव्ह वस्तूला तिचा खरा झोन द्या.

झोन देण्याच्या दोन क्रिया सारख्या दिसतात, पण एक नव्हेत. रिप्लेस वापरून झोन दिला तर घड्याळाचे आकडे तेच राहतात, फक्त लेबल लागतं. ॲज-टाइमझोन वापरलं तर क्षण तोच राहतो आणि आकडे बदलतात. मजकुरात झोन नव्हता पण तुम्हाला माहीत आहे, तिथे रिप्लेस. मग साठवण्यासाठी यूटीसीत न्यायचं, तिथे ॲज-टाइमझोन. नेव्ह वस्तूवर थेट ॲज-टाइमझोन चालवलंत तर पायथॉन ती संगणकाच्या स्थानिक वेळेतली समजतो. म्हणजे एकच कोड दोन मशीनवर दोन उत्तरं देणार.

मजकुरात +०५:३० किंवा -०४:०० असं अंतर असेल तर लहान झेड ते वाचतो. मोठ्या झेडपासून मात्र दूर राहा. तो झोनची आखूड नावं वाचण्यासाठी आहे, पण यूटीसी, जीएमटी आणि संगणकाच्या स्वतःच्या झोनची नावं एवढीच त्याला समजतात, आणि समजूनही हाती येणारी वस्तू नेव्हच असते. तशीही ती आखूड नावं बेभरवशाची. आयएसटी म्हणजे भारताची वेळ, इस्रायलची वेळ किंवा आयर्लंडची उन्हाळी वेळ. सीएसटी म्हणजे चीन, क्युबा किंवा उत्तर अमेरिकेचा मध्य भाग. कुठलं नाव कुठला झोन याचा तक्ता स्वतः लिहा, आणि तक्त्यात नसलेलं नाव आलं तर कोड थांबू द्या.

पूर्ण नावं, म्हणजे "एशिया/काठमांडू" या धाटणीची, आयएएनए या संस्थेच्या टाइमझोन डेटाबेसमधून येतात. पायथॉन ३.९ पासून झोन-इन्फो मॉड्यूल ती वाचतं. विंडोजवर त्यासोबत टीझेड-डेटा हे पॅकेज घालावं लागतं, नाहीतर झोन सापडत नाही अशी तक्रार येते. आणि झोनमधला फरक पूर्ण तासांचाच असतो असं गृहीत धरू नका. काठमांडूचा +०५:४५ आहे.

जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तिथे वर्षातून एकदा एक तास नाहीसा होतो आणि एकदा तोच तास दोनदा येतो. दोनदा आलेल्या तासातला पहिला की दुसरा हे सांगायला पायथॉनमध्ये फोल्ड नावाचा गुणधर्म आहे, ० किंवा १. मजकुरात अंतर लिहिलेलं नसेल तर यातलं खरं कुठलं हे कुठलीही लायब्ररी सांगू शकत नाही. म्हणून नोंदी लिहिणारा प्रोग्राम तुमचा असेल तर प्रत्येक वेळेपुढे अंतर लिहाच.

आणि ज्या तारखेला वेळच नाही, जसा जन्मदिवस, तिला झोनमध्ये ओढू नका. जावास्क्रिप्ट "२०२५-०४-०३" ला यूटीसीतली मध्यरात्र समजतो. यूटीसीच्या मागे असलेल्या प्रदेशात ब्राउझर ती २ एप्रिल म्हणून दाखवतो. अशा तारखांसाठी पायथॉनमध्ये डेट हा वेगळा प्रकार आहे, तोच वापरा.

नावं, अंक आणि न दिसणारी अक्षरं

लहान बी आणि मोठा बी महिन्यांची नावं लोकेलनुसार, म्हणजे प्रोग्रामच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगनुसार, ओळखतात. लोकेल इंग्रजी असताना "मार्च" हा देवनागरी शब्द जुळणार नाही. त्यासाठी लोकेल बदलत बसण्यापेक्षा बारा नावांची डिक्शनरी लिहिणं मला पटतं. लोकेल संपूर्ण प्रोग्रामला लागू होतं आणि कुठे काय बिघडेल सांगता येत नाही, डिक्शनरीत "सप्टेंबर" आणि "सप्टें." दोन्ही घालता येतात.

देवनागरी अंकांची गंमत वेगळी. पायथॉनचं इंट फंक्शन "२०२५" हा मजकूर बरोबर संख्येत बदलतं. जावास्क्रिप्टचं नंबर मात्र नॅन देतं. तारखांच्या साच्यांत या अंकांवर विसंबू नका, "०५" सारख्या दिवसावर गाडी अडते. आधी दहाही अंक इंग्रजी अंकांत बदला, मग पार्स करा.

लायब्ररी अद्ययावत केल्यामुळेही पार्सिंग मोडतं. जावा २० मध्ये लोकेलची नवी माहिती आली आणि इंग्रजी वेळेत पीएमच्या आधी साध्या स्पेसऐवजी एक अरुंद, न तुटणारी स्पेस येऊ लागली. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण साधी स्पेस असलेला जुना मजकूर जुळेना. "दोन्ही अगदी सारखे दिसताहेत, मग एरर का?" असा प्रश्न पडला की अक्षरांचे युनिकोड क्रमांक छापून बघा.

अंदाज बांधणाऱ्या लायब्रऱ्या

डेट-युटिल आणि पांडाज यांना साचा न देताही तारीख ओळखता येते. एकदाच बघायच्या फाइलसाठी वापरायला हरकत नाही. रोज चालणाऱ्या कामात साचा द्या. डेट-युटिल सांगितलं नाही तर महिना आधी धरतं, आणि मजकुरात नसलेले भाग आजच्या तारखेतून भरतं, म्हणजे तोच मजकूर उद्या वेगळं उत्तर देऊ शकतो. पांडाज २.० च्या आधी, २०२३ पर्यंत, एकाच रकान्यात ओळीगणिक वेगळा अंदाज बांधायचं. आता पहिल्या किमतीवरून साचा ठरवून तोच सगळीकडे लावतं. हे सुधारलं, पण पहिलीच किंमत ०३/०४/२०२५ असेल तर काय होईल हे तुम्ही ओळखलं असेलच. पांडाजमध्ये एरर्स हा पर्याय कोअर्स ठेवला तर न जुळलेल्या तारखांच्या जागी रिकामी किंमत बसते. तो वापरलात तर आधी आणि नंतर रिकाम्या किमती मोजा. फरक शून्य नसेल तर त्या ओळी उघडून वाचा.

अंदाजाची किंमत किती असते याचं माझं आवडतं उदाहरण एक्सेलचं आहे. मार्च१, सेप्ट२ अशी जनुकांची नावं होती. एक्सेल ती तारखा समजून बदलून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली.

चाचणीसाठी तारखा निवडताना

०१/०१/२०२५ ने काहीच सिद्ध होत नाही, कारण क्रम उलटला तरी ती तीच राहते. दिवस १२ पेक्षा मोठा असलेली एक तारीख घ्या आणि दिवस-महिना दोन्ही लहान पण वेगळे असलेली एक. २९ फेब्रुवारी २०२४ चालली पाहिजे, २९ फेब्रुवारी २०२५ पडली पाहिजे. मध्यरात्र आणि दुपारचे बारा, १२ तासांच्या घड्याळात. ३१ डिसेंबर. रिकामा मजकूर. दहा अंकी आणि तेरा अंकी नुसती संख्या, कारण कधीतरी कुणीतरी १९७० पासूनचे सेकंद पाठवतं आणि कुणीतरी मिलिसेकंद. सेकंदांच्या जागी मिलिसेकंद गेले तर उत्तर हजारो वर्षं पुढे जातं, तेव्हा वर्षाची किमान आणि कमाल मर्यादाही तपासणीत घाला. ती मर्यादा किती ठेवायची हे तुमच्या माहितीवरून ठरवा. बिलांसाठी वीस वर्षं पुरतील, जन्मतारखांसाठी सव्वाशे लागतील.